एकाच्या जागी दोन गोळ्या

खताच्या मात्रेविषयी शेतकऱ्याला मी काय सांगणार? युरिया दुप्पट टाकला म्हणून कणसं दुप्पट येत नाहीत. पीक माजतं आणि एका वाऱ्यासरशी आडवं होतं, हे तो जाणतोच. पण हाच गृहस्थ एका गोळीनं उतार पडला नाही की दुसरी तोंडात टाकतो. आज मी बोलणार आहे ते मनाच्या आजारावरच्या गोळ्यांविषयी. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, कशातच राम वाटत नाही, असे दिवसामागून दिवस जातात, तो नैराश्याचा आजार. भुताखेताची बाधा नव्हे आणि आळसही नव्हे.

या आजारावर औषधं आहेत आणि ती गुणकारी आहेत, हे आधी सांगून टाकतो. १९५७ साली स्वित्झर्लंडमधले डॉक्टर रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा गुण जगापुढे मांडला. त्यानंतर कितीतरी नवी औषधं आली. पण बहुतेकांची एक खोड कायम आहे: गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, डोकं जड होणं, बेचैनी हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतो. म्हणजे खर्च आधी आणि पीक मागाहून! घोटाळा होतो तो इथंच.

समजा, एका घरी सत्तरीचे आजोबा आहेत. आजी गेल्यापासून ते बोलेनासे झालेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली. आठ दिवस झाले, फरक नाही. मुलगा म्हणतो, "दोन देऊन बघू या." हेतू चांगलाच आहे हो! पण म्हाताऱ्या शरीरातून औषधाचा निचरा सावकाश होतो. वाढीव मात्रेनं रक्तातलं मीठ कमी होऊ शकतं. माणूस असंबद्ध बोलतो, झोक जातो, पडतो, मांडीचं हाड मोडतं. घरचे म्हणतात, म्हातारपणाचा भ्रम झाला. गोळीवर कोणाचा संशयच जात नाही.

हृदयाचंही ऐका. सिटॅलोप्राम नावाचं एक औषध आहे. २०११ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानं बजावलं, की ते दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये आणि साठी उलटलेल्यांना २० च्या वर देऊ नये. कारण जादा मात्रेनं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. शिवाय ४० च्या वर जाऊन अधिक गुण येतो असंही अभ्यासांत दिसलं नव्हतं. म्हणजे धोका वाढला आणि पदरात काहीच नाही.

यांतली बरीचशी औषधं मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर काम करतात. ते प्रमाणाबाहेर वाढलं तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात, अंग ताठतं, ताप चढतो, माणूस बडबडू लागतो. हे जिवावरही बेतू शकतं. आणि त्यासाठी गोळ्या मुद्दाम जास्त घ्याव्या लागतात असंही नाही. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, काही खोकल्याच्या औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, दाद न देणाऱ्या क्षयावर दिलं जाणारं लिनेझोलिड, यांची जोड मिळाली तरी तेच घडू शकतं. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्यावीत.

आता गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. गावात पाकिटावरचं इंग्रजी वाचायला लोक तुमच्याकडेच येतात. पाकिटावर एक नाव कंपनीचं असतं. औषधाचं खरं नाव निराळं छापलेलं असतं. ते वाचा. दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन निराळ्या नावांच्या गोळ्या आत एकच निघतात, आणि रोगी नकळत दुप्पट मात्रा घेत असतो. कधी एका गोळीत दोन औषधं असतात. एस्सिटॅलोप्रामबरोबर झोपेचं क्लोनाझेपाम घातलेल्या गोळ्या आपल्याकडे पुष्कळ खपतात. अशी गोळी दुप्पट केली की गुंगीही दुप्पट. त्यावर दारू पडली तर श्वासच मंदावतो.

एखाद्या रात्री गोळी चुकली तर दुसऱ्या रात्री दोन घेऊ नयेत, नेहमीची एकच घ्यावी. आणि बरं वाटतं म्हणून एकाएकी बंदही करू नये. चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होते. मात्रा वाढवणं काय, उतरवणं काय, दोन्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

कोणी जास्त गोळ्या घेतल्याच, चुकून असो वा जीव नकोसा होऊन, तर मिठाचं पाणी, चिंचेचं पाणी पाजून उलटी काढायला बसू नका. गुंगीत ती श्वासनळीत जाते. बोलतोय, चालतोय म्हणून वाटही पाहू नका. काही औषधांचा परिणाम तासांनी दिसतो. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा आणि रिकामी पाकिटं बरोबर न्या. पोलिसांच्या भीतीनं कित्येक घरं दार लावून बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानं, जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरलं जातं. उलट सिद्ध झाल्याखेरीज त्याला शिक्षा होत नाही. त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे.

ज्या घरात माणूस फार खचलेला आहे, तिथं महिन्याच्या गोळ्या उशाशी नकोत. घरच्या जाणत्या माणसानं त्या कुलपात ठेवाव्यात, रोजची तेवढी हातावर द्यावी. लहान मुलांपासूनही त्या दूर राहतात. आणि अडीअडचणीला १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलिमानस क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्री लागतो, आणि मराठीतून बोलता येतं.