जाणत्याला प्रश्न विचारा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्यात आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, फार्मसीचे आहेत, नर्सिंगचे आहेत. काहींच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं तुम्ही पहिलंच माणूस आहात. त्या घरांचं अभिनंदन थोडं अधिक.

दीक्षान्त समारंभात पाहुण्याने तरुणांना मोठी स्वप्नं पाहायला सांगावं, असा रिवाज आहे. मी मात्र एका लहान प्रश्नाबद्दल बोलणार आहे. दवाखान्यात, वॉर्डात किंवा औषधाच्या दुकानात तुमच्यासमोर येणाऱ्या प्रत्येक आजारी माणसाला तुम्ही विचारावा, असा तो प्रश्न आहे : ‘इथे येण्याआधी घरी काय घेतलंत?’

आपल्या या मुरबाड तालुक्यात या प्रश्नाला फार अर्थ आहे. माळशेजच्या पायथ्याचे पाडे घ्या, इकडचं धसई-सरळगाव घ्या, नाहीतर शहापुरातलं डोळखांब-किन्हवली. आजार आला की उपचारांची एक रांग ठरलेली असते. आधी घरातली आजी. मग पाड्यावरचा वैदू किंवा भगत. मग मेडिकलवाल्याने दिलेली गोळी. मग बाजाराच्या गावातला खाजगी डॉक्टर. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय यांची पाळी कधी मध्ये येते, कधी अगदी शेवटी. भातलावणीत मजुरी बुडवून दवाखाना गाठणं परवडत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाला तर कोणता दवाखाना आपला, हेच ठाऊक नसतं. म्हणजे आपण जिला सार्वजनिक आरोग्यसेवा म्हणतो, तिच्या दारात पोचेपर्यंत पेशंटवर दोन-तीन उपचार होऊन गेलेले असतात. केसपेपरवर मात्र त्यातल्या एकाचीही नोंद नसते. कारण साधं आहे. ‘पाला घेतला’ म्हटलं की डॉक्टर ओरडतात, एवढं माणसं एकदाच शिकतात आणि पुढे गप्प बसतात.

त्या आजीला काय माहीत असतं, हे आधी नीट पाहू. आमांशाला कुड्याची साल, तान्ह्याच्या पोटदुखीला मुरुडशेंग, सांधे धरले की निर्गुडीच्या पाल्याचा शेक, खोकल्याला अडुळसा. भारंगीचा कोवळा पाला पहिल्या पावसात भाजीला आणि तिचंच मूळ कफावर. ज्येष्ठात बाजारात येणारी शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यात काकडाची फळं किंवा चिंच घालायची, हे ठाकूर बाईला कोणत्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. वनस्पती कोणती, ऋतू कोणता, भाग कोणता आणि त्रासाचं निवारण कसं करायचं, एवढं सगळं या एका भाजीत आलं. कुड्याच्या सालीतलं कोनेसीन आमांशाच्या अमीबावर चालतं, हे पुढे प्रयोगशाळेतही दिसलं आणि त्याचा मज्जासंस्थेवर दुष्परिणाम होतो, हेही दिसलं. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगता येणं, याला मी शिक्षण म्हणतो.

तुमच्यातल्या आयुर्वेदवाल्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा पहिला अध्याय परीक्षेसाठी पाठ केला असेल. त्यात चरक सांगतात की शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी औषधी वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात. लगेच पुढे ते म्हणतात की नुसत्या नावारूपाच्या ओळखीने औषधीचं खरं ज्ञान होत नाही. देश, काळ आणि माणूस पाहून तिची योजना कशी करायची हे ज्याला कळतं, तो खरा वैद्य. या वचनाचा पहिला भाग रानभाजी महोत्सवातल्या भाषणांत ऐकू येतो आणि दुसरा भाग पदवीधरांच्या तोंडी असतो. ग्रंथात दोन्ही शेजारी शेजारी आहेत. गुराख्याला विचारल्याशिवाय वैद्य शिकत नाही आणि पारखल्याशिवाय गुराख्याचं ज्ञान औषध होत नाही.

पारखणं म्हणजे काय, ते सर्पगंधेवरून सांगतो. ही मुळी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दोन कामांसाठी दिली जायची : साप चावला तर आणि माणूस भ्रमिष्ट झाला तर. 1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असं लिहिलं. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांना ती देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसरपीन वेगळं केलं. रक्तदाबावर परिणामकारक गोळी जगाला मिळाली त्या सुरुवातीच्या काळातली ही कथा आहे. याच रेसरपीनने काहींना खोल नैराश्य येतं, हेही कालांतराने नोंदलं गेलं.

आता पाहा. परंपरेने जपलेल्या या मुळीने जगाच्या वैद्यकात भर घातली. तिचा सापावरचा उपयोग मात्र साफ चुकीचा निघाला. सर्पगंधेने नागाचं विष उतरत नाही. परंपरेला डोक्यावर घेऊन नाचणाऱ्याने ती सापावर देत राहून माणसं मारली असती आणि तिला अडाणीपणा म्हणणाऱ्याच्या हातून रक्तदाबाचं औषध निसटलं असतं. डॉ. वकील यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी रुग्ण मोजले.

सर्पदंशाबद्दल इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे, कारण पावसाळ्यात तुमच्यापैकी अनेकांच्या ड्यूटीवर हा पेशंट येणार आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावली, असा अंदाज मोठ्या देशव्यापी अभ्यासातून पुढे आला. वर्षाला सुमारे 58 हजार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर एकच उपाय आहे, तो म्हणजे प्रतिविष. कोणताही पाला, कोणतीही मुळी, कोणताही मंत्र त्याची जागा घेत नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला आहे. पण पाड्यावर भगत रात्री दोनला उठतो आणि पोलीस उठत नाहीत. म्हणून कायद्याच्या जोडीला त्या भगताशी तुमची ओळख लागेल. त्याने काय म्हणायचं ते म्हणू दे, पण आधी 108 ला फोन लाव आणि पेशंटला हालचाल करू न देता गाडीत घाल, हे त्याला पटवणारा वैद्यकीय अधिकारी अर्धी लढाई जिंकतो. विंचवाची गोष्ट याच कोकणातली आहे. महाडच्या बाजूला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी खेड्यातले रुग्ण रात्र रात्र पाहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपाय बसवला आणि तो ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकातून जगापुढे ठेवला. खेड्यातल्या दवाखान्यात संशोधन होत नाही, असं पुन्हा कोणी म्हणालं तर हे नाव सांगा.

कावीळ जरा अवघड आहे. इथे काविळीवर औषध देणारे जाणते आहेत आणि त्यांच्याकडे कल्याण-डोंबिवलीहूनही लोक येतात. ‘गुण येतो’ असं लोक म्हणतात आणि ते खोटं बोलत नाहीत. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांनी आपोआप उतरते. त्या काळात जो कोणी औषध देईल, त्याच्या पदरात यश पडतं, तुमच्या गोळीच्याही. पण तीच ‘ई’ कावीळ गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर जीव जाऊ शकतो. तेव्हा जाणत्याशी वाद घालत बसू नका. दोन गोष्टींवर त्याच्याशी ठाम करार करा : गरोदर बाई आली, किंवा पेशंट बरळू लागला, झोपाळू झाला, तर एक तासही स्वतःकडे ठेवायचं नाही.

आता गुळवेल. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसा-भातसाच्या जंगलांत ही वेल मुबलक आहे. केईएमच्या आयुर्वेद संशोधन केंद्रात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या 30 रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास 1993 मध्ये छापून आला. शस्त्रक्रियेआधी गुळवेल मिळालेल्यांत रक्तातला जंतुसंसर्ग कमी दिसला. रुग्णसंख्या लहान होती, पण पद्धत चोख होती. याच डहाणूकरांनी मराठी वाचकांसाठी झाडाफुलांवर सुंदर पुस्तकं लिहिली. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी पहिल्या पगारातून घ्यावीत.

कोविडच्या साथीत गुळवेलीला एकदम मागणी आली. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेतल्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेचा आधार घेऊन ती गोळा करणं, वाळवणं, चूर्ण करणं आणि थेट मोठ्या कंपन्यांना विकणं जमवलं. वेठबिगारी भोगलेल्या समाजाच्या मुलांनी दलालाला बाजूला सारलं, ही मोठीच गोष्ट झाली. त्याच सुमारास शहरांत लोक स्वतःच्या मनाने रोज काढे पिऊ लागले. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशभरातल्या केंद्रांनी 43 रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या अनेकांत स्वतःच्याच पेशींवर उलटणारा आजार आधीपासून दडलेला असावा, असं दिसलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात आहे. हा वाद तुम्ही मुळातून वाचा. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून तुमच्यासाठी एकच काम निघतं : पेशंटने काय घेतलं, किती दिवस घेतलं, वेल कुठून आणली, हे विचारा आणि शक्य असेल तर तिचा तुकडा मागून घ्या. ओळखीतली चूक किती महागात पडते, हे 1993 मध्ये ब्रुसेल्समध्ये दिसलं. वजन उतरवण्याच्या चिनी औषधात एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया वर्गातली दुसरीच मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. त्या वर्गातली आपली वेल म्हणजे सापसण. आपल्याकडे ती आजही औषधात वापरली जाते. तुमच्या पेशंटच्या काढ्यात ती आहे का, हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

विचारण्याला एक दुसरी बाजू आहे, ती हक्काची. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन सापडलं. कर्करोगावरची औषधं ज्या द्रव्यापासून होतात ते हे द्रव्य. ते कळल्यावर झाडं लाकडाच्या भावाने तुटून परदेशी गेली आणि ती तोडणाऱ्याच्या हातात मजुरीच पडली. उलट उदाहरण केरळचं आहे. तिथल्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून औषध तयार झालं आणि संशोधन संस्थेने मिळालेल्या पैशाचा निम्मा वाटा काणींच्या न्यासाला दिला. तिथेही कुरबुरी झाल्या, पण वाटा द्यायचा असतो हे मान्य झालं. 2006 च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मानला आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. मात्र 2023 च्या दुरुस्तीने ग्रंथात आलेल्या ज्ञानाला आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना लाभवाटपातून सूट दिली. म्हणजे सूट तुम्हाला मिळाली, मुळी दाखवणाऱ्या बाईला वाटा देण्याची सक्ती मात्र उरली नाही. कायद्याने मागितलं नाही तरी तिचं देणं तुमच्याकडे उरतं. तिचं ज्ञान लिहून घ्याल तर तिला विचारून लिहा, कोणी सांगितलं ते नाव तिच्या परवानगीने नोंदवा आणि तिची गुपितं मोबाइलवरून चारचौघांत पसरवू नका.

फार्मसीच्या मुलांनो, तुमच्या तालुक्यातल्या वीस वनस्पतींची खात्रीशीर ओळखपत्रं बनवा : नमुना, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, सारखी दिसणारी दुसरी जात. परिचारिकांनो, आशाताईंबरोबर बसा. घरात कोण काय देतं ते त्यांना तुमच्याआधी कळतं. वैद्यांनो, जे गुणकारी वाटेल त्याच्या नोंदी ठेवा; अपयशाच्या नोंदी आधी. गुळवेल मागवाल तेव्हा मूळ शाबूत ठेवून खोड कापलंय का, ते विचारा.

आणि पहिल्या दिवशी समोर येणाऱ्या पहिल्या पेशंटला तो प्रश्न विचारा, दरडावल्याशिवाय. उत्तर काहीही आलं तरी चेहऱ्यावर आठी नको. केसपेपरवर ते जसंच्या तसं लिहा. तालुक्यातल्या प्रत्येक केंद्रात अशा नोंदी पाच वर्षं झाल्या, तर मुरबाडच्या झाडपाल्याबद्दल आज कुणाकडेच नसलेलं ज्ञान तुमच्या हाती असेल आणि त्याच्या पहिल्या पानावर ज्यांची नावं यायला हवीत, त्या माणसांना तुम्ही नावाने ओळखत असाल.

कामाला लागा.