आवाज ओळखायला शिका

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण)



अध्यक्षताई म्हणाल्या, दहा मिनिटं बोल, विषय तूच ठरव. म्हटलं, मग आपली फजितीच सांगावी.

गेल्या दिवाळीच्या आधी मला फोन आला. "बँकेतून बोलतोय ताई, गटाचं कर्ज मंजूर झालंय, तुमचं खातं तपासायचंय." माझं नाव बरोबर, गटाचं नाव बरोबर, बोलणं एकदम गोड. मी ओटीपी सांगून टाकला. माझ्या खात्यातले ९,५०० रुपये गेले. दहा वर्षं गटाचं प्रोसिडिंग मी लिहिते, "कुणाला ओटीपी सांगू नका गं" असं दर बैठकीत मीच सांगते, आणि मीच फसले. त्या रात्री घास गिळला नाही.

माझे वडील हवाई दलात वायरलेसवर होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आवाज आपल्यासारखा आला म्हणून माणूस आपला नसतो, बाई. महायुद्धात याच गोष्टीवर एक मोठी लढाई झाली." मग त्यांनी मला अ‍ॅडिसन साहेबांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

एडवर्ड अ‍ॅडिसन हे इंग्लंडच्या हवाई दलातले सिग्नल अधिकारी. जन्म १८९८ चा. सिग्नल म्हणजे निरोपाचं खातं. विमानाशी बोलायचं, शत्रू काय बोलतो ते ऐकायचं, आपला निरोप नीट पोचवायचा. पहिल्या महायुद्धात ते तरुणपणीच हवाई दलात आले. युद्ध संपल्यावर पुन्हा शिकायला बसले, आधी केंब्रिजला आणि नंतर पॅरिसला विजेचं शास्त्र. नोकरी लागली म्हणून शिकणं थांबवलं नाही, हे आधी लक्षात घ्या.

१९४० साली जर्मनीची विमानं रात्री इंग्लंडवर बॉम्ब टाकायला येऊ लागली. खाली सगळा अंधार केलेला, मग शहर सापडायचं कसं? तर जर्मनांनी रेडिओलहरींची एक वाटच आखली होती. वाटेच्या एका बाजूला गेलं की वैमानिकाच्या कानात तुटक ठिपके वाजायचे, दुसऱ्या बाजूला गेलं की लांब रेघा, आणि बरोबर मधे असलं की सलग सूर. दुसरी अशीच वाट जिथे तिला छेदायची, तिथे बॉम्ब सोडायचे.

हे ओळखलं आर. व्ही. जोन्स नावाच्या २८ वर्षांच्या शास्त्रज्ञानं. मोठमोठ्या लोकांना पटत नव्हतं. २१ जून १९४० ला त्यांनी पंतप्रधान चर्चिल यांच्यासमोर सगळं मांडलं. त्याच रात्री एक विमान वर पाठवलं, आणि ती वाट खरोखरच सापडली.

आता ही वाट मोडायची कुणी? त्यासाठी ८० नंबरचं विंग उभं केलं आणि ते अ‍ॅडिसन साहेबांच्या हाती दिलं. हातात तयार यंत्रं नव्हती. मग काय केलं माहितीये? दवाखान्यात शेक द्यायला विजेची यंत्रं असतात ना, ती आणून जर्मन लहरींवर नुसती खरखर सोडली. लग्नात डीजे लागला की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, तसंच. जर्मन लहरींना त्यांनी टोपणनाव दिलं होतं 'डोकेदुखी', आणि आपल्या उपायाला 'अ‍ॅस्पिरिन'! जर्मनांच्या दिशा दाखवणाऱ्या खुणा पकडून त्या दुसऱ्याच ठिकाणाहून सोडायचीही युक्ती होती. त्यामुळे जर्मन वैमानिक वाट चुकायचे. काही तर चुकून इंग्लंडमध्येच उतरले!

पण प्रत्येक वेळी जमलं असं नाही. जर्मनांनी नवी, जास्त अचूक पद्धत आणली. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहर जळालं, ५०० पेक्षा जास्त माणसं गेली. जोन्स यांनी पुढे लिहून ठेवलंय की खरखर करणारी यंत्रं आधीच कमी होती, आणि होती तीही चुकीच्या सुरावर लावलेली. जर्मन सूर २००० चा, यंत्रं १५०० वर. त्यामुळे जर्मन वैमानिकांना काही अडचणच आली नाही. समुद्रकिनाऱ्यावर पडलेल्या एका जर्मन विमानातलं यंत्र तपासल्यावर ही चूक कळली, आणि मग सूर बदलला. आपल्या वहीत एक आकडा चुकला तर हिशोब चुकतो. तिथे शहराचा प्रश्न होता.

नोव्हेंबर १९४३ मध्ये अ‍ॅडिसन साहेबांकडे अख्खा १०० नंबरचा ग्रुप आला. मोठं काम म्हणजे शत्रूच्या रडारला आणि रेडिओला गोंधळात टाकायचं. पुढे ते एअर व्हाईस मार्शल झाले. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपण कधी ऐकलं नाही, कारण निरोपाचं काम कुणाला दिसत नाही. नीट झालं तर कुणी विचारत नाही आणि चुकलं तर सगळे विचारतात. आपल्या गटातल्या सचिवांना हे चांगलंच ठाऊक आहे!

याच लढाईतली आणखी एक गोष्ट ऐका. ऑक्टोबर १९४३ पासून इंग्रजांनी जर्मन बोलणारी माणसं बसवली. ती जर्मन वैमानिकांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच साहेबाच्या थाटात खोटे हुकूम द्यायची. जर्मनांनी तोडगा काढला, हुकूम द्यायला बाया बसवल्या. पण इंग्रजांनी ते आधीच ताडलं होतं. जर्मन बोलणाऱ्या त्यांच्या बायाही तयार होत्या. आता वैमानिकानं कोणाचं खरं मानायचं?

यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही हो. हा खेळ पहिल्यांदा झाला त्या रात्री जर्मनीच्या कासेल शहरात सुमारे १०,००० माणसं मेली, बहुतेक आपल्यासारखीच साधी. युद्ध दोन्हीकडून आयाबायांनाच जाळतं.

पण वडिलांनी मला ही गोष्ट का सांगितली, ते कळलं. त्या वैमानिकाला आपली भाषा ऐकू आली, आपली पद्धत ऐकू आली, म्हणून त्यानं विश्वास ठेवला. मला माझं नाव आणि गटाचं नाव ऐकू आलं, म्हणून मीही ठेवला. आपलं नाव तर गावभर माहीत असतं, त्यात कसली ओळख?

वायरलेसवरच्या माणसाच्या सवयी वडिलांनी मला लावल्या. निरोप आला की तो परत म्हणून दाखवायचा आणि बरोबर आहे का विचारायचं. पैशाचा फोन आला की तो ठेवून द्यायचा आणि पासबुकावरच्या नंबरवर आपण स्वतः लावायचा, किंवा सरळ शाखेत जायचं. आणि समोरचा "आत्ताच्या आत्ता" म्हणाला, की तिथेच थांबायचं. खरी बँक फोनवर ओटीपी विचारत नाही.

आणि फसलातच तर लगेच १९३० नंबर फिरवा. मी लाजेपायी दुसऱ्या दिवशी फिरवला. उशीर झाला, पैसे परत आले नाहीत. पण पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हा आणखी दोघीजणी म्हणाल्या, "आम्हालाही हाच फोन आला होता." एक जण तर दुसऱ्या दिवशी बँकेचे कागद घेऊन त्याला भेटायला जाणार होती. तिचे पैसे वाचले.

चुकीचा सूर लपवला असता, तर पुढचं शहर जळालं असतं. म्हणून आज इथे उभं राहून माझी चूक सांगितली. तुमचीही सांगा, घरात नका ठेवू.