आपला अंगठा, आपली माहिती



आम्ही आंबिवलीहून बोलतोय. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी धरली की शहाडनंतर आणि टिटवाळ्याच्या आधी आमचं स्टेशन येतं. एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली, तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांची चूल बाईच्या कमाईवर पेटते. कुणी भाजी विकतं, कुणी कल्याण-डोंबिवलीला घरकामाला जातं, कुणी शिलाई करतं. अशा बायांच्या बचत गटांचं काम आम्ही बघतो. आज मात्र हप्ते-व्याजाचं बाजूला ठेवू आणि आधार कार्ड, अंगठा आणि ओटीपी यांच्याबद्दल बोलू.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. सगळीकडे एकच धावपळ. त्याच दिवसांत आमच्या गटातल्या एका मावशीच्या गल्लीत एक माणूस छोटं यंत्र घेऊन आला. "घरबसल्या केवायसी करून देतो, पन्नास रुपये." मावशीला बरंच वाटलं, भाजीचा धंदा बुडवून रांगेत उभं राहायला नको. तिनं आधार नंबर सांगितला, बँक सांगितली, अंगठा ठेवला. "लागला नाही मावशी, पुन्हा द्या." तिनं पुन्हा दिला.

महिन्याभरानं पासबुक भरून आणलं, तेव्हा कळलं की खात्यातले साडेचार हजार गेले. तीन महिन्यांचे पंधराशे-पंधराशे तिनं नातवाच्या फीसाठी हात न लावता ठेवले होते. मावशीनं घरी सांगितलं नाही. दोन बैठकांना आली नाही. सून हळूच येऊन सांगून गेली, तेव्हा आम्हाला कळलं.

आता हे झालं कसं ते समजून घेऊ. आधार खात्याला जोडलेलं असलं की आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर बँक मित्राकडे पैसे काढता येतात. एटीएम कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपीसुद्धा येत नाही. बँक लांब असलेल्या गावात ही सोय फार मोलाची आहे. पण म्हणूनच यंत्रावर ठेवलेला अंगठा ही सहीच असते. कोऱ्या कागदावर आपण सही करतो का? मग पडद्यावर काय लिहिलंय ते न बघता अंगठा का द्यायचा?

आणि एक गोष्ट आम्हाला फार लागली. त्या योजनेची केवायसी सरकारी संकेतस्थळावर ओटीपीनं होत होती. अंगठ्याच्या यंत्राचं तिथं कामच नव्हतं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण बैठकीत आम्ही ते सांगितलं नव्हतं. मावशी म्हणत होती, "माझीच अक्कल कमी." आम्ही तिला म्हटलं, चोरी करणारा चोर, आणि सांगायचं राहिलं ते आमचं. तू कशाला मान खाली घालतेस?

मग आम्ही आमचंच घर तपासलं. गटाच्या व्हॉट्सॲपवर सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो पडलेले. कर्जाच्या अर्जासाठी आम्हीच मागितले होते. त्यातले निम्मे फोन नवऱ्याचे नाहीतर मुलाचे. म्हणजे एकीचं आधार किती घरांत पोचलं, याचा हिशेब नाही. पैशाचा रुपया-रुपया वहीत लिहिणाऱ्या आम्ही, पण माहितीची वहीच नाही!

आधारची सुरुवात आपल्याच राज्यातून झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार एका बाईच्या हातात पडलं. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले. तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. सरकारी योजनांच्या माहितीला त्यात थोडे वेगळे नियम आहेत. पण दुकानदार, कंपनी, कर्ज देणारा यांनी माहिती कशासाठी हवी ते सांगायचं, तेवढ्याच कामाला वापरायची, आणि आपण संमती मागेही घेऊ शकतो, असं हा कायदा म्हणतो. गंमत म्हणजे या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात माणूस म्हणताना 'तो' लिहिलेलं नाही, 'ती' लिहिलंय. बाई असो की पुरुष, सगळ्यांसाठी 'ती'. म्हणजे हा कायदा वाचताना आपल्याला आपलं नाव शोधत बसायला नको.

कायदा कागदावर आहे, काळजी आपल्या हातात आहे. आमच्या गटानं ठराव करून जे सुरू केलं ते सांगतो.

पहिलं, व्हॉट्सॲपवरचे सगळे आधारचे फोटो प्रत्येकीनं आपापल्या फोनमधून काढून टाकले. कार्डाची प्रत लागलीच तर मास्क्ड आधार द्यायचं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहायचं: कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख. झेरॉक्सच्या दुकानात मशीनवर मूळ कार्ड आणि बिघडलेली प्रत विसरायची नाही.

दुसरं, अंगठ्याला कुलूप. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं. मग कुणीही अंगठा चालवू शकत नाही. मात्र रेशनला जाण्याआधी ते उघडायचं, नाहीतर रेशनच्या मशीनवर अडकाल. यासाठी आधारला स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला हवा. आमच्यातल्या कितीतरी जणींचा नंबर दिराचा नाहीतर मुलाचा होता. घरच्यांवर अविश्वास म्हणून आम्ही हे म्हणत नाही. पण पासबुक जसं आपल्या नावाचं, तसा ओटीपीही आपल्या हातात यावा. आधारची काही अडचण असेल तर १९४७ हा नंबर आहे.

तिसरं, योजनेची लिंक आली की शेवट बघायचा. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. नावं अगदी सारखी ठेवून खोट्या साइट काढतात.

आणि चौथं, पैसे गेले तर लाजत बसायचं नाही. लगेच १९३० ला फोन, आणि बँकेत लेखी अर्ज, त्याची शिक्का मारलेली पोच घ्यायची. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळायची आशा कमी.

मावशीचा अर्ज आम्ही बरोबर जाऊन दिला. महिना उलटून गेल्यामुळे अवघड आहे असं बँकेत सांगितलं. पैसे अजून आलेले नाहीत, आम्ही विचारायला जातो. नातवाची फी गटाच्या अंतर्गत कर्जातून भरली. आता प्रत्येक बैठकीत हजेरीनंतर मावशी उभी राहते आणि विचारते, "या महिन्यात कुणी कुठं अंगठा दिला, ते सांगा." आणि बाया सांगतात. ते आम्ही इतिवृत्ताच्या वहीत लिहितो.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढा एक प्रश्न विचारून बघा, ताया. सुरुवात कुणीतरी स्वतःची चूक सांगून करावी लागते. आम्ही आमची सांगितली.