ताण, पक्वता आणि हापूसचा साका : स्वागताध्यक्षीय भाषण



वनस्पती ताणाला कसे तोंड देते आणि फळ कसे पिकते, हे विषय बहुधा वेगवेगळ्या सत्रांत वाटले जातात. रत्नागिरीत भरलेल्या या परिषदेत ते एकत्र आणण्यामागे कोकणचे एक जुने दुखणे आहे, ते म्हणजे हापूसमधील साका. वरून निर्दोष दिसणारे फळ कापले की आतला गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट निघतो, आणि हा दोष बाहेरून ओळखता येत नसल्याने बागायतदाराची पत गिऱ्हाइकाच्या सुरीवर अवलंबून राहते.

हापूस झाडावरून उतरवल्यावर अढीत पिकतो. त्या काळात त्याच्या श्वसनाचा वेग एकाएकी वाढतो आणि इथिलीन हे वायुरूप संप्रेरक, म्हणजे अत्यल्प मात्रेत पेशींना कामाला लावणारे द्रव्य, तयार होऊ लागते. मेथिओनीन या अमिनो आम्लापासून इथिलीन बनताना मधला दुवा कोणता, हे अॅडम्स आणि यांग यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. पुढचे काम विकरांचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे: अमायलेज स्टार्चची साखर करते, तर पेक्टिन फोडणारी विकरे पेशीभित्तिका सैल करतात. साक्याच्या भागात मात्र स्टार्च बराचसा तसाच राहतो.

असे का होते, याविषयी दोन मते प्रबळ आहेत. एक मत तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेला दोष देते आणि झाडाखाली गवतपाल्याचे आच्छादन केल्यास साका घटतो, या अनुभवाचा आधार घेते. दुसऱ्या मतानुसार बाठ्यातील बी फळात असतानाच रुजण्याच्या तयारीला लागते आणि त्यातून गराचा बिघाड होतो. ही मते परस्परविरोधी मानण्याची घाई झाली आहे, असे स्वागत समितीला वाटते.

असे वाटण्याचे कारण उष्माप्रथिनांत सापडते. रितोसा यांनी १९६२ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेने उठणारे फुगवटे नोंदवले, आणि त्यातून पुढे जी प्रथिने ओळखली गेली, ती उष्णतेने घडी मोडलेल्या इतर प्रथिनांना सावरतात. टोमॅटोतील अशाच एका प्रथिनाने ताणात हरितलवकाचे रक्षण करण्याबरोबर पिकताना फळाचा रंग पालटण्यासही हातभार लावल्याचे दिसले आहे. ताण आणि पक्वता यांची प्रथिने काही अंशी सामाईक असतील, तर साक्याकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे. त्यासाठी जनुकांची यादी अपुरी आहे, कारण जनुकाचा संदेश निघाला तरी प्रथिन पुरेसे बनेल, टिकेल आणि कार्यक्षम राहील याची हमी नसते. अर्थात आंब्याच्या गरातून शुद्ध प्रथिन मिळवणे कटकटीचे असते. त्यातील साखर, पेक्टिन आणि फेनॉल द्रव्ये प्रयोगशाळेत चांगलाच छळ करतात.

नीलम आणि हापूस यांच्या संकरातून निघालेल्या, १९८१ मध्ये प्रसारित झालेल्या ‘रत्ना’ जातीत साका नाही, पण बाजार हापूसच मागतो, त्यामुळे कारणाचा शोध टाळता येणार नाही. म्हणून उपस्थित संशोधकांना विनंती अशी की, पेटीतील फळाने बागेत किती ऊन सोसले हे कळत नसल्याने, नमुने बाजारातून न आणता तापमानाच्या नोंदीसह थेट कलमावरून घ्यावेत. बागायतदारांनीही त्यासाठी आपल्या बागा खुल्या कराव्यात.