दृष्टीची सेवा आणि स्वतंत्र धंदा

(अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वकील आहे. तरीही आज डोळ्यांच्या तपासणीविषयी बोलणार आहे. कारण हा विषय जितका आरोग्याचा आहे तितकाच हक्काचाही आहे. आपल्या समाजातील काही मुलामुलींनी ऑप्टोमेट्रीचे शिक्षण घेतले आहे. शिक्षण पुरे होताच त्यांची नजर पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांतील नोकरीकडे वळते. त्यांनी आपल्या तालुक्याच्या गावी स्वतःची पाटी लावावी, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम हा व्यवसाय काय आहे ते पाहू. ऑप्टोमेट्रिस्ट हा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नव्हे, तद्वतच तो नुसता चष्मे विकणारा दुकानदारही नव्हे. तो दृष्टी तपासतो, नंबर काढतो, योग्य चष्मा बसवून देतो. आणि मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहाने पडद्यावर झालेला बिघाड दिसला तर रोग्याला वेळीच नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. आपल्या देशात हे शिक्षण १९५८ साली अलीगढ व हैदराबाद येथे सुरू झाले. पुढे २०२१ साली संसदेने सहाय्यकारी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत ऑप्टोमेट्रिस्टला स्थान दिले. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यास निदान ३,६०० तासांची पदवी हवी, असे हा कायदा सांगतो. सबब, ही विद्या आता कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही.

आता गरजेचा विचार करा. आपला जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला. मोठी रुग्णालये नगरला आणि लोणीला. अकोल्याच्या डोंगरातील ठाकर म्हातारीला किंवा पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराला नंबर काढण्यासाठी तेथवर जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते आणि वर एस.टी.चे भाडे भरावे लागते. मग तो जातच नाही. चाळिशी लागली की जवळचे दिसेनासे होते. शिवणकाम करणारी बाई सुई बाजूला ठेवते, आणि लोक म्हणतात, 'वय झाले.' वय झालेले नसते. एका भिंगाची उणीव असते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढील कामगारांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानतोडणी, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. म्हणजे चष्मा ही चैन नसून मजुराचे हत्यार आहे!

ही सेवा नोकरीऐवजी स्वतंत्र धंद्यातूनच का करावी, असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. गावकीची चाकरी वतनाच्या नावाने आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात बांधली गेली होती. ते जोखड उतरवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले; कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा मात्र १९५८ चा. खुद्द बाबासाहेबांनी तरुणपणी मुंबईत शेअर व्यवहाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला, तेव्हा सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले व धंदा बंद करावा लागला. ज्ञान उणे नव्हते. बाजाराचे दार बंद होते.

आज ते दार अडवणे हा गुन्हा आहे. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने धंद्यास मज्जाव करणाऱ्याला १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमाखाली शिक्षा होते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने व्यवसायास अडथळा करणे आणि सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे हेही गुन्हे ठरवले. धर्मांतरामुळे आपण अनुसूचित जातीत मोडत नाही, असे कोणी सांगेल तर त्याला १९९० च्या कायद्याचा हवाला द्या. त्या वर्षापासून बौद्धांना ती मान्यता आहे. जातीचे प्रमाणपत्र मात्र दप्तरात तयार ठेवा.

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्या. कायदा अडवणाऱ्याचा हात धरील. गिऱ्हाईक आणून देणार नाही. गिऱ्हाईक येते ते कसबामुळे आणि सचोटीमुळे. ह्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत दलित स्त्रिया होत्या. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. ज्यांची सावली टाळली जाई, त्यांच्याच हाती गावाने आपली बाळंतिणी व लेकरे सोपवली. १९७९ साली ह्या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्याहून मोठा निकाल गावाने दिला होता.

म्हणून नव्या ऑप्टोमेट्रिस्टांना माझे सांगणे असे. दरपत्रक मराठीत भिंतीवर लावा. ज्याला चष्म्याची गरज नाही त्याला चष्मा विकू नका. शंका आली की रोग्याला चिठ्ठी देऊन नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा; आपली मर्यादा ओळखणे हाही विद्येचाच भाग आहे. ऊसतोड कामगार कारखान्यावर निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आतच, त्यांच्या वस्तीवर जाऊन तपासणी करा. आठवड्याच्या बाजारचा दिवस चुकवू नका. भांडवलासाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, २०१५ ची मुद्रा योजना आहे. अर्ज लेखी करा आणि नकार आला तर तोही लेखी मागा.

आणि वडीलधाऱ्यांनो, तुम्हालाही एक विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी दुकान मांडील, तेव्हा 'घरचाच आहे' म्हणून फुकट चष्मा मागू नका. योग्य दाम द्या आणि शेजाऱ्यालाही घेऊन जा, मग तो कोणत्याही जातीचा असो. दृष्टीला जात नाही. ती तपासणाऱ्या हातालाही नसावी. असे एक दुकान प्रत्येक तालुक्यात उभे राहिले, तर आजच्या ह्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.