शेतीसंरक्षणाच्या बंदुकीला कोणता मुलामा द्यावा?
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



रानडुक्कर, माकड यांच्या उपद्रवापासून पीक वाचविण्यासाठी आपल्यापैकी काही जणांकडे परवान्याची बंदूक आहे. ती कधी वापरावी आणि कोणत्या प्राण्यावर वापरता येते, हे १९५९चा शस्त्र कायदा आणि १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा यांनी ठरवून दिले आहे. वनखात्याच्या परवानगीचा नियम प्रत्येकाने पाळावा. आजचा विषय मात्र बंदुकीच्या लोखंडाचा आहे. गंज लागलेली नळी आतून झिजते, तिला खड्डे पडतात आणि अशा नळीतून बार काढणे जिवावर बेतू शकते. म्हणून मुलाम्याचा विचार केवळ शोभेसाठी करू नये.

गंज कशामुळे लागतो?

पोलादाला हवेतील ओलावा आणि प्राणवायू एकत्र मिळाले की गंज धरतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की हा वेग वाढतो. मीठ असेल तर त्याहून कमी ओलाव्यातही गंज सुरू होतो. त्यामुळे कोकणपट्टीतील खारा वारा, पावसाळ्याचे चार महिने आणि हाताचा घाम हे तिन्ही बंदुकीचे शत्रू आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या हवेत टिकणारा मुलामा किनाऱ्यावर पुरेलच असे नाही.

दुसरे कारण दारूची राख. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात. तिच्या जळण्यातून उरलेले पोटॅशचे क्षार हवेतील पाणी ओढून घेतात. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून वापरानंतर नुसते तेल फिरवून भागत नाही. नळी आधी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल लावावे.

मुलाम्याचे प्रकार

१) निळाई (ब्ल्यूइंग): बहुतेक बंदुकांना कारखान्यातून हाच मुलामा मिळतो. पोलादाच्या पृष्ठभागाचेच काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर केलेले असते. हा थर अतिशय पातळ असतो. त्याने मापात फरक पडत नाही आणि बंदूक देखणी दिसते. पण गंजापासून त्याचे स्वतःचे संरक्षण थोडेच आहे. खरे काम त्यावर धरून राहिलेले तेल करते. तेल नियमित लावणाऱ्यालाच निळाई पुरते.

दुनळी बंदूक असणाऱ्यांनी येथे विशेष काळजी घ्यावी. दोन नळ्या पुष्कळदा मऊ डाखाने जोडलेल्या असतात. गरम निळाईच्या दाहक क्षारांचे द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाचे असते. ते डाख खाते आणि सांध्यात शिरून पुढे आतून गंज आणते. अशा बंदुकीला सावकाश गंजवून, उकळून केलेली जुन्या पद्धतीची निळाईच योग्य. बाटलीतून मिळणारी थंड निळाई ओरखडा झाकण्यापुरती ठीक आहे, ती टिकाऊ नसते. तिच्यात बहुधा सेलेनियमचे विषारी संयुग असते, म्हणून हातमोजे वापरावेत.

२) फॉस्फेटचा थर (पार्करायझिंग): जस्त किंवा मँगनीज फॉस्फेटचा हा करडा, खरबरीत थर लष्करी शस्त्रांवर दिसतो. तो सच्छिद्र असल्याने तेल चांगले शोषून धरतो. दिसायला साधा, चमक नाही, पण रानात वापरायला भक्कम. मात्र हाही तेलावरच अवलंबून आहे. कोरडा ठेवला तर गंजतो.

३) निकेल आणि क्रोम: निकेलचा मुलामा चकचकीत आणि घामाला दाद न देणारा असतो. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुंपणाच्या तारेवरील जस्त स्वतः झिजून आतील लोखंड वाचवते. निकेल तसे करीत नाही. थराला छिद्र पडले की तेथे उघडे पडलेले लोखंड उलट लवकर गंजते, आणि गंज थराखाली पसरून पापुद्रे सुटतात. कठीण क्रोम घासण्याला फार चांगला टिकतो, पण त्यातही सूक्ष्म भेगा असतात, म्हणून हलका तेलाचा हात हवाच. विजेच्या प्रवाहाने मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते. स्प्रिंगांना असा मुलामा देऊ नये.

४) भाजलेले लेप: यांत सेराकोटसारखे चिनी मातीचे कण मिसळलेले रंग येतात. थर साधारण २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या चाळीसाव्या भागाइतका असतो. बहुतेकदा तो सुमारे १२० अंश तापमानात भट्टीत पक्का करावा लागतो. खाऱ्या हवेत हा प्रकार सर्वांत चांगला टिकतो, कारण तो ओलावा पोलादापर्यंत पोहोचूच देत नाही. पण घट्ट बसणाऱ्या हलत्या भागांवर जाड थर चढला तर यंत्रणा अडकते.

पूर्णपणे कधीच न गंजणारे पोलाद मात्र नाही. स्टेनलेस स्टीलवरही मिठाचे डाग पडतात.

पूर्वतयारी महत्त्वाची

भांडे नीट घासले नाही तर कल्हई धरत नाही, हे आपण जाणताच. येथेही तेच आहे. कोणताही मुलामा तेलकट किंवा गंजलेल्या पृष्ठभागावर टिकत नाही. जुना गंज काढण्यासाठी घासकाम किंवा वाळूचा मारा करावा लागतो, आणि खरा धोका येथेच आहे.

बंदुकीवर कोरलेला क्रमांक व खुणा या कामात पुसट होऊ शकतात. शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार असा क्रमांक पुसणे, काढणे किंवा बदलणे गुन्हा आहे. क्रमांक पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच तो पुसला असे कायदा धरून चालतो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते. म्हणून गावातील फॅब्रिकेशनच्या किंवा गाड्या रंगविण्याच्या दुकानात बंदूक कधीही देऊ नये. दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यावी, परवाना सोबत न्यावा, पावतीवर क्रमांक लिहून घ्यावा आणि बंदूक परत घेताना तो क्रमांक व्यवस्थित वाचता येतो याची खात्री करावी. कारागिराकडून नळीची आतील बाजूही तपासून घ्यावी. आत खोल खड्डे असतील तर बाहेरून कितीही चांगला मुलामा दिला तरी ती बंदूक वापरण्यास योग्य होत नाही.

निवड कशी करावी?

- कोरड्या भागात राहत असाल आणि महिन्यातून एकदा तेल लावण्याची सवय असेल, तर मूळची निळाई राखावी. खर्च करण्याची गरज नाही.
- रानात, दवात, चिखलात नेहमी वापर असेल तर फॉस्फेटचा थर आणि त्यावर तेल.
- समुद्रकिनारी किंवा घाम फार येणाऱ्यांसाठी नळीच्या बाहेरील बाजूस भाजलेला लेप उत्तम.
- वाडवडिलांची जुनी दुनळी असेल तर जुन्या पद्धतीच्या निळाईखेरीज काही करू नये.

रोजची काळजी

साफसफाईला बसण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची स्वतः डोळ्यांनी खात्री करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. पावसातून आल्यावर बंदूक त्याच रात्री पुसावी, सकाळची वाट पाहू नये. चामड्याच्या किंवा कापडी खोळीत बंदूक महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण खोळ ओलावा धरते. कुलूपबंद कपाटात ती कोरडी ठेवावी. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चोळावे. मात्र त्या तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावेत.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो, तेव्हा ती काही आठवडे आपल्या हाताबाहेर असते. जमा करण्यापूर्वी नळी आतून-बाहेरून स्वच्छ करून जाड तेलाचा किंवा ग्रीजचा हात द्यावा. परत मिळाल्यावर ते ग्रीज नळीतून पूर्ण पुसून काढल्याशिवाय बार काढू नये. नळीत अडथळा राहिला तर ती फुटू शकते.

थोडक्यात, हवामान पाहून मुलामा निवडावा, परवानाधारक कारागिराकडून करून घ्यावा आणि तेलाचा फडका कपाटात नेहमी तयार ठेवावा. येत्या पावसाळ्यापूर्वी एक दिवस या कामासाठी अवश्य काढावा, ही विनंती.