कोयता आणि पाळणा



दिवाळी सरत आली की जालना जिल्ह्यातील घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा ह्या तालुक्यांतील अनेक वस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा ह्या धंद्याचा हिशेब. त्या हिशेबात मुलाला स्थान नाही. मूल मात्र कोयत्यामागोमाग जातेच.

शाळकरी मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना केली. परंतु सहा वर्षांखालील मुलाला आईवेगळे गावी ठेवता येत नाही. ते कोपीत वाढते, फडाच्या बांधावर निजते, आणि त्याला सांभाळण्यासाठी आठ-दहा वर्षांच्या बहिणीची शाळा सुटते. एका पाळणाघराच्या अभावी दोन बालपणे करपतात. मूल चालू न शकणारे वा ऐकू न येणारे असेल, तर त्याच्या वाट्याला खेळगडीही येत नाही.

अंगणवाडी आहे ना, असे ह्यावर उत्तर दिले जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी खेडोपाडी पोचली, हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण अंगणवाडी काही तासच भरते. आईचा दिवस पहाटे सुरू होतो आणि उसाची गाडी भरेपर्यंत संपत नाही. शिवाय अंगणवाडी गावात राहते, मूल फडात.

ह्या पेचातून वाट कशी काढावी, हे महाराष्ट्राला अज्ञात नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडला विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. तान्हे पाळण्यात निजले, म्हणून बहिणीचे हात पाटीसाठी मोकळे झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर गेली.

तोच न्याय उसाच्या फडालाही लागू आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने हे तत्त्व मान्य केले होते: कामावर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असतील, तर मजूर स्त्रियांपैकीच एकीने मुले सांभाळावीत आणि तिला मजुरी मिळावी. सरकारी कामावर जे न्याय्य, ते साखर कारखान्याच्या तळावर अन्याय्य कसे ठरेल?

म्हणून प्रत्येक तळावर खेळघर हवे. ते तोडीच्या वेळेस उघडावे आणि शेवटची आई परतल्यावर मिटावे. टोळीतील स्त्रियांनाच शिकवून पूर्ण मजुरीवर तेथे नेमावे. अपंग मूलही त्याच रिंगणात, त्याच चेंडूने खेळावे. त्याला निराळा कोपरा नको. खर्चाचा भार कारखान्याने आणि शासनाने उचलावा, मुकादमाच्या उचलीत तो चढवू नये.

हे दान नव्हे. साखरेच्या पोत्यात ज्या आईचा घाम आहे, तिच्या मुलाचा पाळणा हा त्या साखरेच्या उत्पादनखर्चाचाच भाग आहे. आजवर तो खर्च आठ वर्षांची मुलगी आपली पाटी मोडून भरत आली आहे.